अक्कांची पाच मिनिटं

डॉ. शांताबाई बैसाणे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काहीच करत नव्हत्या. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. दंतवैद्यकाची पदवी हातात पडून मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या एका बाईंना मदतनीस डॉक्टर हवा आहे, एवढ्या ऐकीव माहितीवर मी चोपड्याहून एसटीने आलो होतो. बाहेरच्या बाकांवर दहा-बारा माणसं गाल धरून बसलेली. आत खुर्चीत नववी-दहावीतली एक मुलगी तोंड उघडून पडली होती आणि तिच्या शेजारी स्टुलावर पांढरा कोट घातलेल्या पन्नाशीच्या एक बाई मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत स्वस्थ बसल्या होत्या. हातात ना आरसा, ना कसलं औजार. मी नमस्कार करून नाव सांगायला लागलो, तर त्यांनी मान न वळवता नुसता हात वर केला. मी दाराशीच थांबलो. बाहेर एवढी गर्दी असताना डॉक्टरांनी असं बसून राहावं, हे मला अजिबात रुचलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी चिमट्याने मुलीच्या दातावरचा कापसाचा बोळा उचलला, वाकून पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "बघा, थांबलं," एवढंच म्हणाल्या. मुलीचा पुढचा दात शाळेच्या पायरीवर आपटून तिरका तुटला होता. तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता आणि तो कोरडा होता. मग त्यांनी काचेच्या पट्टीवर पांढरी पेस्ट कालवली, त्या ठिपक्यावर अलगद टेकवली, वरून दात बंद केला आणि हात धुतल्यावर मला विचारलं, "हां, काय नाव म्हणालात?"

या गौरवग्रंथाचे वाचक सगळेच काही आमच्या धंद्यातले नाहीत, म्हणून थोडं सांगतो. दाताच्या आत एक जिवंत गाभा असतो. पेशंट त्याला नस म्हणतात. कीड खोल गेली किंवा दात तुटला की हा गाभा उघडा पडतो. त्या काळी आमच्या खान्देशात गाभा उघडा पडला म्हणजे दात गेला, असाच हिशेब होता. फार तर आतली नस काढून दात मेलेला का होईना, ठेवायचा. शांताबाई, म्हणजे आमच्या अक्का, मात्र आधी त्या गाभ्यालाच वाचवायला बघत. मिठाच्या शुद्ध पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर ठेवायचा आणि पाच मिनिटं वाट पाहायची. रक्त आपलं आपण थांबलं तर गाभा सावरेल इतका धड आहे. त्यावर कॅल्शियमची पेस्ट टेकवून झाकण घालायचं आणि आत नवी भिंत तयार होऊ द्यायची. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर आत सूज पसरली आहे. मग हट्ट करायचा नाही, नस काढायची. ही पद्धत त्यांनी शोधून काढलेली नाही, पुस्तकातच आहे. पण बाहेर बारा माणसं खोळंबलेली असताना ती पाच मिनिटं पुरती बसून काढणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी स्वतः तिसऱ्या मिनिटालाच बोळा उचलून बघायचो.

त्यांना 'अक्का' कोण पहिल्यांदा म्हणालं ते आता कुणालाच सांगता येत नाही. साक्रीपासून शिरपूरपर्यंतचे पेशंट त्यांना अक्काच म्हणतात, आणि मीही आठवडाभरात म्हणू लागलो. भडगावच्या एका प्राथमिक शिक्षकांची ही मुलगी. गावात आधी कुठली मुलगी डॉक्टर झाली नव्हती, आणि त्यांच्या वस्तीत तर मुलगाही झाला नव्हता. त्यांना गिरणाकाठच्या त्या शाळेपासून मुंबईच्या कॉलेजापर्यंत पोचताना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, की ऐकून घेण्याची सवय लागली ती बरीच झाली, पेशंटचं नीट ऐकू येतं. यापुढे मी विचारलं नाही.

त्या काळी आमचे पेशंट दात दाखवायला येत नसत, काढायलाच येत. "काढी टाका" हेच दारातून आत येतानाचं वाक्य. अक्का नाही म्हणत नसत; त्या तारीख लांबवत. साक्रीकडच्या एका कापूसवाल्याने हट्टच धरला, की आज दात काढल्याशिवाय उठणार नाही. अक्का त्याला त्याच्याच बोलीत म्हणाल्या, की काढसू ना भाऊ, पन आज नही, आठ दिन थांब. तोवर त्यांनी कीड साफ करून, गाभ्यावर पेस्ट घालून दात झाकला होता. आठ दिवसांनी तो गृहस्थ आला, खुर्चीत बसला आणि कुठला दात काढायचा ते त्याला आठवेना. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे सगळे दात तपासले आणि आणखी सहा महिन्यांनी काढू म्हणून परत पाठवलं. तो दात माझ्या माहितीप्रमाणे अजून त्याच्या तोंडात आहे.

दात झाकला म्हणजे काम संपलं असं अक्का मानत नसत. पण दोंडाईच्याचा, शिंदखेड्याचा माणूस दुखत नसताना तपासायला कशाला येईल? म्हणून त्यांनी जवाबी कार्डांची पद्धत सुरू केली होती. एका कार्डावर पेशंटला प्रश्न, जोडून दुसरं कोरं कार्ड, त्यावर दवाखान्याचा पत्ता आधीच लिहिलेला. प्रश्न ठरलेले असत: गार पाणी लागतं का? लागलं तर किती वेळात जातं? घास चावताना दुखतं का? सहा आठवडे झाले की कार्ड जायचंच. उत्तरं येत ती वाचण्यासारखी असत. एका आजीबाईंनी दाताचं काहीच न लिहिता सुनेची तक्रार लिहून पाठवली होती. अक्कांनी तिलाही उत्तर लिहिलं आणि शेवटी पुन्हा विचारलं, की गार पाणी लागतं का.

अक्कांना लग्नाला बोलावणं मात्र धोक्याचं. समोरचा माणूस हसला की यांची नजर तोंडात. धुळ्याच्याच एका लग्नात त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाला आहेर देता देता सोमवारी दवाखान्यात यायला सांगितलं होतं. तो आलाही, नव्या नवरीला घेऊन. तिचे दोन दात निघाले कामाचे. मी एवढंच म्हणेन, की त्यांच्या साठीच्या समारंभाच्या दिवशी या ग्रंथाच्या संपादकांनी जपून हसावं.

मला त्यांनी दवाखान्याच्या वरची खोली राहायला दिली होती. पहिल्या उन्हाळ्यात मला विषमज्वर झाला, तेव्हा पंधरा दिवस पेज आणि मऊ भात घेऊन त्या स्वतः जिना चढत. गुडघे तेव्हाही दुखतच होते. माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, केळीची कापणी टाकून मला बघायला आले. जाताना त्यांनी अक्कांना विचारलं, की मुलगा कामाला कसा आहे. अक्का म्हणाल्या, "हात चांगला आहे, नाना. घाई फार आहे." नानांनी गावभर त्यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

दुसऱ्या वाक्याची गोष्ट सांगण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. अक्कांच्या सेवेविषयी, शाळांमधल्या त्यांच्या तपासणी शिबिरांविषयी या ग्रंथात माझ्यापेक्षा योग्य माणसं लिहितील. मला माझी चूक लिहायची आहे. त्या चुकीपायी एका माणसाचा दात आणि त्याचं पोट, दोन्ही पणाला लागलं होतं, आणि ती आपल्या तोंडाने कबूल करायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दातांच्या कामासाठी लेसरची यंत्रं आपल्याकडे येऊ लागली. मी मुंबईला जाऊन दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि तिथल्या एका विक्रेत्याच्या मागे लागून यंत्र महिनाभर वापरून बघायला मागून आणलं. तिजोरीएवढं धूड, रिक्षातून उतरवायला चार माणसं लागली. मला वाटलं होतं, अक्का नाक मुरडतील. त्यांनी उलट सगळं माहितीपत्रक भिंगातून वाचून काढलं, विक्रेत्याच्या माणसाला दोन तास बसवून घेतलं, उष्णता गाभ्यात किती खोल जाते म्हणून विचारून विचारून त्याला घाम फोडला आणि मग मला म्हणाल्या, की चांगली वस्तू आहे, आपण सावकाश शिकू. 'सावकाश' हा शब्द मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. किरण लागला की रक्त क्षणात थांबतं, जागा निर्जंतुक होते, पेस्ट कोरड्यावर बसते. उघड्या गाभ्याला याहून चांगलं काय हवं?

त्याच महिन्यात अक्का दोन दिवस शिरपूरकडे शाळा तपासायला गेल्या होत्या. दवाखाना माझ्या हवाली. तेव्हा हिरामणभाऊ आले. हिरामणभाऊ दोंडाईच्याच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत. पन्नाशीच्या आसपासचा सडसडीत माणूस, बोलणं थोडं, मान कायम किंचित तिरपी. वरचा पुढचा दात मागून किडला होता. क्लॅरनेटवाल्याचे हे पुढचे दोन दात म्हणजे त्याच्या वाद्याचाच भाग. फुंकायचं टोक त्यांच्यावर टेकवूनच सूर धरावा लागतो. दात हलला, दुखला, पडला, की सूर गेला. खोटा दात त्या दाबाला टिकत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम तीन महिन्यांवर आली होती, आणि आखाजीच्या आसपासची लग्नं म्हणजे बँडवाल्यांची वर्षाची कमाई. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, दात राहू द्या. बाकी काय बी करा."

मी कीड साफ केली आणि गाभा उघडा पडला. रक्त आलं, ते काळपट आणि भरपूर. मी कापूस ठेवला. दोन मिनिटांनी उचलला, वाहतच होतं. परत ठेवला. पाच मिनिटं झाली असतील नसतील, रक्त काही थांबेना. अक्का असत्या तर त्यांनी तिथेच ठरवलं असतं, की गाभा गेला आहे, नस काढू या, दात राहील. पण माझ्या डाव्या हाताला ते नवं यंत्र उभं होतं. मी किरण लावला. रक्त लगेच थांबलं. जागा अशी स्वच्छ आणि कोरडी दिसायला लागली, की माझं मलाच कौतुक वाटलं. मी पेस्ट टेकवली, दात झाकला आणि हिरामणभाऊंना म्हणालो, की तुमचा दात जिवंत ठेवला आहे.

आज हे लिहिताना माझी चूक मला शाळकरी पोराची वाटते. रक्त थांबणं हा इलाज नव्हताच. ते आपलं आपण थांबतं की नाही, ही परीक्षा होती. मी यंत्राने उत्तर पुसलं आणि पेपर कोरा आहे म्हणून खूश झालो. त्या वेळी मला यातलं काही सुचलं नाही. अक्का परत आल्यावर मी त्यांना लेसर लावून गाभा झाकल्याचं हौसेने सांगितलं. रक्त किती वेळ वाहत होतं, ते सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, एवढंच समाधान.

सहा आठवड्यांनी नेहमीप्रमाणे कार्ड गेलं आणि चार दिवसांत हिरामणभाऊंचं उत्तर आलं. त्यांच्या बाळबोध अक्षरातलं ते उत्तर मला तोंडपाठ आहे: "आते दात एकदम बरा शे. गार पानी लागत नही. गरम बी लागत नही. काहीच लागत नही. तुमना उपकार शेतस." मी ते बाहेर बसलेल्या पेशंटनाही वाचून दाखवलं. जिल्ह्यातल्या दंतवैद्यांच्या बैठकीत या केसवर बोलायचं, असंही मनात ठरवून टाकलं.

अक्कांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी शाबासकीची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "हेमंत, याला बोलावून घे. आजच."

मला तेव्हाही उमगेना. मग त्यांनी समजावलं, आणि तेही शांतपणे. जिवंत दाताला गार पाणी लागलंच पाहिजे; लागावं आणि लगेच जावं. अजिबात काही लागत नाही, म्हणजे आत लागून घेणारं कुणी राहिलेलं नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. पण 'बरा शे' हे दोन शब्द दिसले आणि पुढचं सगळं मी शाबासकी म्हणूनच वाचलं.

दोंडाईच्याला एका किराणा दुकानात फोन होता, त्यावर निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हिरामणभाऊ आले. बर्फाचा तुकडा दातावर धरला. त्यांना काहीच कळलं नाही. एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी डाळीच्या दाण्याएवढी काळी सावली दिसत होती. अक्कांनी फिल्म माझ्या हातात दिली आणि रक्त किती वेळ वाहत होतं ते विचारलं. आता मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मग त्या हिरामणभाऊंसमोर स्टूल ओढून बसल्या. मी मागे उभा होतो. त्यांनी सांगितलं, की दात आतून मेला आहे, मुळाशी पू धरतो आहे आणि असाच ठेवला तर ऐन लग्नसराईत सुजेल. मग म्हणाल्या, "भाऊ, ही चूक आमच्या दवाखान्याची आहे. तुमची नाही आणि दाताचीही नाही. आम्ही तो वाचवायचा पुरता प्रयत्न करू. राहीलच असं वचन देत नाही."

 हिरामणभाऊंनी फक्त आखाजीपर्यंत होईल का, असं विचारलं.

तिथे बोलायची माझी वेळ होती. चूक दवाखान्याची नाही, माझी आहे, एवढं एक वाक्य. ते सोडून मी ट्रेमध्ये औजारं मांडू लागलो. हिरामणभाऊ मला मानत होते. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी वाद्याविषयी गप्पा मारल्या होत्या, त्याचं त्यांना फार कौतुक होतं. मला वाटलं, सांगू नंतर. अक्कांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागल्या.

पुढचे तीन आठवडे हिरामणभाऊ आठवड्यातून दोनदा येत. नस काढायचं काम, मुळाची सफाई, औषध भरणं, सगळं अक्कांनी माझ्याकडूनच करवून घेतलं, शेजारी बसून. कुठेही घाई करू दिली नाही. एकदाही मला बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, असं मला तेव्हा वाटे आणि थोडा रागही येई. चौथ्या आठवड्यात मुळाशी येणारा स्राव थांबला आणि आम्ही दात कायमचा बंद केला. आखाजीला नऊ दिवस होते. हिरामणभाऊंनी पिशवीतून क्लॅरनेट काढून दवाखान्यातच वाजवून बघितलं. दात धरला. बाहेरचे पेशंट गाल धरायचे विसरून दारात गोळा झाले. अक्का त्यांना म्हणाल्या, की सीझन संपला की परत या, फोटो काढायचा आहे. त्यांचा फोटो म्हणजे एक्स-रे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला काढलेल्या एक्स-रेत सावली अर्धी झाली होती. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. यंत्राचंही सांगायला हवं. विक्रेत्याचं ते धूड परत गेलं, पण पुढच्या वर्षी अक्कांनी आम्हा चार डॉक्टरांना मिळून एक यंत्र घ्यायला लावलं. नियम एकच केला: आधी पाच मिनिटं, मग किरण. रक्त आपलं आपण थांबलं असेल त्याच गाभ्याला लेसर लावायचा. त्यातून बरेच दात जिवंत राहिले, अजूनही राहतात. नव्याला नावं ठेवणारी माणसं खूप पाहिली. माझ्यासारख्याने नव्याचं वाटोळं करून ठेवल्यावरही ते नीट वापरायला शिकवणाऱ्या अक्काच.

इतकं सगळं झालं तरी मी हिरामणभाऊंना काही सांगितलं नव्हतं. ते तपासणीला येत, मला हात जोडत, "चौधरी डॉक्टर, तुमनामुये दात शे," म्हणत, आणि मी मान डोलावत असे. प्रत्येक वेळी ठरवायचं, आज सांगू. प्रत्येक वेळी बाहेर कुणीतरी बसलेलं असायचं, किंवा मी तसं धरून चालायचो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्याअखेर माझं लग्न ठरलं. नानांनी चोपड्याचाच बँड सांगितला होता. लग्नाच्या सकाळी मांडवापुढे हिरामणभाऊ उभे. धुतलेला सदरा, काखेत क्लॅरनेटची पिशवी. एसटीने एकटेच आले होते. आमच्या बँडवाल्यांशी त्यांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण वरात निघाली तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे होते. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ते वाजवत राहिले, त्याच दातावर. आमच्या गावाने तसं क्लॅरनेट त्याआधी ऐकलं नव्हतं. नाना रडले. अक्का बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या आणि चक्क कुणाच्या दातांकडे बघत नव्हत्या. मी घोड्यावर बसलो होतो आणि मला खाली उतरून पळून जावंसं वाटत होतं. स्वतःच्या लग्नात माणसाला इतकी लाज वाटू नये.

हळद पुरती उतरायच्या आत मी दोंडाईच्याला गेलो. स्टेशनापासून चालत, विचारत विचारत हिरामणभाऊंचं घर गाठलं. ते ओट्यावर बसून क्लॅरनेटची बटणं पुसत होते. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: रक्त थांबत नव्हतं, ते मला दिसत होतं, अक्का नव्हत्या, मी यंत्राच्या हौसेपायी थांबलो नाही, तुमचा दात माझ्यामुळे मेला, आणि वर्षभर तुमचे उपकार मी गप्प बसून घेतले. 

हिरामणभाऊंनी मान तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "बस, डॉक्टर. माले मालूम शे. अक्कानी माले तवयच सांगेल व्हतं. म्हने, तो पोऱ्या एक दिन सोता येई आनि सांगी. तवलोंग तू काही बोलू नको. येई तवय त्याले च्या पाज."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दर वेळी हात जोडताना माहीत होतं. माझ्या वरातीपुढे चालताना, त्या मेलेल्या दातावर सूर धरताना माहीत होतं. अक्कांनी पेशंटपासून काही लपवलं नव्हतं. फक्त माझी जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि मी तिथे पोचेपर्यंत हिरामणभाऊंनाही आपल्यासोबत थांबवून धरलं होतं. मी ओट्यावर बसलो आणि रडलो. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चहा फार गोड होता.

संध्याकाळी दवाखान्यात परतलो. अक्का काचेच्या पट्टीवर पेस्ट कालवत होत्या. म्हणालो, "अक्का, दोंडाईच्याला जाऊन आलो." त्यांनी हात न थांबवता विचारलं, "दात कसा आहे त्यांचा?" मी दात पाहायलाच विसरलो होतो. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं.

आता माझा चोपड्याला स्वतःचा दवाखाना आहे, माझ्याकडेही नव्या पदवीचे तरुण येतात आणि त्यांच्या घाईला मी जेव्हा ओरडतो, तेव्हा मला माझीच लाज वाटते, कारण अक्का ओरडल्या नव्हत्या. साठ वर्षांच्या होताना त्यांचे गुडघे पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरतात, पण हात अजून थरथरत नाही आणि नजर अजून प्रत्येकाच्या तोंडात जाते. त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळो, असं आम्हा सगळ्यांच्या वतीने मनापासून म्हणतो. यात माझा थोडा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकतो. आम्हा बऱ्याच जणांचं त्यांना काहीबाही सांगायचं अजून राहिलं आहे, आणि आम्हाला वेळ लागतो. तोवर, अक्का, तुम्ही असा.


डॉ. हेमंत चौधरी, चोपडा